तंबाखूच्या डब्यांची यादी

वैशाख लागला की आमच्या घरात माझी ट्रंक बाहेर निघते. ब्रह्मपुरीतली माणसं या दिवसांत सावली धरून बसतात, मी उन्हात निघतो. तेंदूची पानं मोजून घेणारा मुन्शी असल्यामुळे बरीच वर्षं माझे वैशाख-ज्येष्ठ जंगलातच जातात. ट्रंकेत काय काय न्यायचं त्याची यादी झाकणाच्या आत डकवलेली आहे. दोन रजिस्टरं, शाईची पूड, टाक, कंदील, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या, सुतळी, सुई-दोरा, लोणच्याची बरणी. बायको वाचते, मी ठेवतो. यंदा तिनं ‘सुई-दोरा’ दोनदा वाचलं तरी माझा हात हलला नाही. टपालानं आलेलं पत्र घेऊन मी तसाच बसलो होतो.

“कोणाचं पत्र होय जी?” तिनं विचारलं.

“जंगल खात्याचं.”

खाली ठेकेदाराच्या कचेरीचीही सही होती. यंदा खातं आणि ठेकेदार मिळून पुन्हा जंगलात तंबाखूबंदी करणार आहेत. पाच वर्षांपूर्वी माझ्या फडावर ते काम नमुनेदार झालं होतं, म्हणून तेव्हाच्या याद्यांची नक्कल पाठवा, बाकीच्या मुन्शींना दाखवता येईल, असं लिहिलं होतं. ‘नमुनेदार’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. यादी काढायला उठावं लागणार नव्हतं. ती त्याच ट्रंकेच्या तळाशी होती आणि तिच्यातल्या ओळी मला पाठ होत्या.

पानाचा हंगाम ज्यानं पाहिला नाही त्याला तो वासावरून सांगता येईल. सकाळी तोडलेलं पान ओलं असतं, त्याला किंचित तुरट वास येतो. दुपारी उन्हात पसरलं की तोच वास उबदार, चहाच्या पुडीसारखा होतो. तिसऱ्या दिवशी पान करकरीत वाळतं आणि फडावरून वारा गेला की पानांचे हजारो पुडे एकदम कुजबुजतात. फड म्हणजे पानं आणून टाकायची, वाळवायची मोकळी जागा. नदीकाठची वाळू सारखी करून तिच्यावर पुड्यांच्या ओळी लावतात. ओळ वाकडी झाली तर मला झोप येत नाही. बाया पहाटे उजाडताच जंगलात शिरायच्या, ऊन चढायच्या आत डोक्यावर भारे घेऊन यायच्या आणि झाडाखाली बसून पानं जुळवून पुडे बांधायच्या. त्यांचे हात तांबूस काळे झालेले असायचे. पानाचा चीक साबणानं जात नाही. भात कालवतानाही तो हात तसाच दिसतो.

हे सगळं पान जायचं बिडीला. त्याची जाणीव मला नव्हती असं नाही. माझा थोरला भाऊ गोंदियाकडे बिडीच्या कारखान्यात तंबाखू चाळायचा. त्या धुळीनं आणि दिवसभर ओढलेल्या बिड्यांनी त्याची छाती पोकळ झाली. शेवटच्या वर्षी तो अंगणात बसून खोकायचा तेव्हा शेजारची म्हैस दचकायची. तो गेल्यावर मी बिडी कधी तोंडाला लावली नाही. तरीही वैशाख आला की पानं मोजायला निघालो. पोट भरायची दुसरी रीत मला येत नव्हती. म्हणून त्या वर्षी तंबाखूबंदीची गोष्ट निघाली तेव्हा मला ती मनापासून पटली. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं ते मी साहेबांच्या धाकानं केलं, असं कुणाला वाटू नये.

एटापल्लीच्या पुढे पायवाटेनं अर्धा दिवस चाललं की माझ्या फडाचं गाव लागायचं. आंब्याखाली बैठक झाली. रेंजर साहेब खुर्चीवर, ठेकेदाराचे एजंट बाजेवर, आणि समोर दोन-तीन गावची गोंड माणसं उकिडवी बसलेली. आदल्या वर्षी डोंगराची एक बाजू वणव्यानं काळी झाली होती. साहेब म्हणाले, आगी बिडीनं आणि चोंगीनं लागतात. चोंगी म्हणजे पानाच्या नळीत तंबाखू भरून ओढतात ती. एजंट म्हणाले, तंबाखूनं छाती जळते, सरकार आणि आम्ही मिळून तुमच्या भल्याचं करतो आहोत. दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यानंही आग लागते. पान चांगलं फुटावं म्हणून मुद्दाम आग लावणारीही माणसं होती, आणि ती कुणाची होती हे बाजेवरच्या माणसाला ठाऊक होतं. पण त्यांची यादी करायला मला कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं ते एवढंच: जंगलात जाण्याआधी प्रत्येकानं आपली तंबाखूची डबी मुन्शीकडे द्यायची, संध्याकाळी न्यायची.

“आन् तलफ आली तं?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“पाणी प्या,” साहेब म्हणाले.

“साहेब, पाण्याची तलफ आली म्हंजे पाणी पेतो. तंबाखूची आली म्हून विचारून राह्यलो.”

सगळे हसले, साहेबही हसले, आणि बंदी मान्य झाली.

डब्या किती तऱ्हेच्या असतात हे मला त्या वैशाखात कळलं. कुणाची बांबूच्या पेराची, कुणाची सुक्या भोपळ्याच्या तुमडीची, कुणाची सागाच्या गाठीत कोरलेली. एकीवर मोर, एकीवर नुसत्या वाकड्या रेघा. हाताळून हाताळून त्यांना तुळतुळीत झळाळी आलेली. मी प्रत्येक डबीला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला, त्यावर क्रमांक टाकला, रजिस्टरात क्रमांकासमोर नाव लिहिलं. सकाळी घ्यायच्या, संध्याकाळी द्यायच्या. माझ्या झोपडीत फळी लावून त्या ओळीनं मांडल्या की दुकान लागल्यासारखं दिसायचं. पहिल्या आठ दिवसांत एकही डबी इकडची तिकडे झाली नाही. मला त्याचा अभिमान होता.

फडावर चैतू नावाचा एक माणूस यायचा, उंच, कमी बोलणारा. त्याची मुलगी रैनी. तिच्या पुड्यांत एक पान कमी नाही, एक जास्त नाही, फाटकं पान तर नाहीच. माझ्यासारख्या माणसाला याहून जास्त काय हवं? मी तरी मोजायचोच.

“मुन्शीभाऊ, माह्ये पुडे बी मोजता?”

“सगळ्यांचे मोजतो, बाई.”

“घरी तुमची बायको भात वाढते, तं शितं मोजता का जी?”

बाया खळखळून हसायच्या. पलीकडे पुडे उलटे करत असलेला, त्याच गावच्या लालसूचा मुलगा मान खाली घालून हसायचा आणि त्याच्या ओळीतला एखादा पुडा वाकडा पडायचा. “अशी ओळ लावते का कोणी?” रैनी त्याला ओरडायची. “मुन्शीभाऊले ताप येईन ना!” त्या दोघांचं लग्न ठरलेलं आहे, पानं संपली की पावसाआधी होणार आहे, हे फडावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. फक्त ते कशानं ठरलं होतं, हे माहीत नव्हतं.

त्या चार-पाच गावांत रीत अशी होती की, मुलीकडच्यांनी होकार दिला की मुलाचा बाप आपली तंबाखूची डबी मुलीच्या बापाच्या हातात ठेवतो. तोंडी बोलणी कितीही झाली तरी डबी दिल्यावरच सोयरीक पक्की. मुलीचा बाप ती डबी लग्न होईपर्यंत कमरेला बाळगतो, गावानं पाहावी म्हणून. मधे कधी ती डबी मुलाच्या बापाच्या हातात परत गेली, तर सोयरीक मोडली. बोलायची, भांडायची गरज नाही. आणि एकदा परत गेलेली डबी त्याच घरात पुन्हा द्यायची नाही. तसं करणं म्हणजे थुंकलेलं उचलणं.

हे मी आज इतकं नीट लिहू शकतो. तेव्हा एका ओळीनंही लिहिलं नव्हतं. ‘तुमच्या डब्या कशासाठी असतात’ हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. माझ्या रजिस्टरात क्रमांक, वर्णन आणि मालक असे तीन रकाने होते.

दहाव्या दिवशी एजंटना एक कल्पना सुचली. रोज संध्याकाळी डब्या परत दिल्या तर रात्रभर लोक ओढतातच, मग सुधारणा कसली? फड संपेपर्यंत डब्या इथेच ठेवू, फक्त बाजाराच्या दिवशी देऊ. महिनाभरात सवय सुटेल. साहेबांना ते पटलं. मलाही पटलं. डब्यांचा मुक्काम वाढणार म्हणून मी नवी, पक्की यादी करायला बसलो. एक माणूस, एक डबी, असं करताना एक विसंगती सापडली. चैतूच्या नावावर दोन डब्या होत्या आणि लालसूच्या नावावर एकही नव्हती. चैतूची दुसरी डबी सागाच्या गाठीची, तिच्यावर डुकराच्या सुळ्यासारखी नक्षी. तीच नक्षी मी लालसूच्या भावाच्या डबीवर पाहिली होती. मला वाटलं, गर्दीत लालसूची डबी चुकून चैतूच्या नावावर चढली. मी चैतूचं नाव खोडलं, लालसूचं लिहिलं. चूक दुरुस्त केल्याचं समाधान मला अजून आठवतं. थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलं होतं.

चैतूनं दोन डब्या का दिल्या? कारण ‘जवळ असतील त्या सगळ्या’ असं मीच बजावलं होतं. त्यानं ते अक्षरशः पाळलं.

बाजाराचा दिवस आला. सकाळी सगळं गाव फडावर उभं राहिलं. मी नवी यादी उघडली आणि एकेकाला नावानं हाक मारली. लालसू पुढे आला. मी ती डबी त्याच्या हातात ठेवली. त्यानं डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गर्दीतल्या चैतूकडे. आसपासची कुजबुज थांबली. मी पुढचं नाव वाचलं. मला वाटलं, मी मोठ्यानं वाचतो म्हणून ते गप्प झाले.

लालसू बाजाराला गेला नाही, घरी गेला. त्याला वाटलं, चैतूनं नकार दिला, आणि स्वतः यायची हिंमत नव्हती म्हणून सरकारी माणसाच्या हातानं, साऱ्या गावासमोर डबी फेकली. चैतूला वाटलं, लालसूनंच मुन्शीला गाठून आपली डबी काढून घेतली. दोघेही मानी. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या दारात विचारायला गेला नाही. त्या रीतीत विचारायची सोयच नव्हती. डबी बोलली की माणसानं गप्प बसायचं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी गाव आंब्याखाली बसलं आणि मला बोलावणं आलं. माझ्याबरोबर एजंटही आले. वाटेत कुणीतरी मला सगळी रीत सांगितली. काय झालंय ते मला कळलं होतं. हे मी स्वतःपासून लपवत नाही. आंब्याखाली पोचायच्या आधी मला कळलं होतं.

गावाचा म्हातारा पाटील आपल्या माणसांशी गोंडीत बोलत होता. माझ्याकडे वळून तो आमच्या भाषेत म्हणाला, “मुन्शीभाऊ, एकच गोष्ट विचारतो. हे डबी लालसूले द्याले तुमाले चैतूनं सांगतलं, का लालसूनं मांगतली, का तुमीच आपल्या मनानं देली?”

तीन पर्याय. इतका नीट प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. तिसरं उत्तर दिलं असतं तर डबी कुणीच परत केली नव्हती असं ठरलं असतं आणि सोयरीक टिकली असती. लालसू मान खाली घालून होता. चैतू माझ्याकडे पाहत होता. बायांमध्ये रैनी उभी होती, चीक लागलेले हात पोटाशी धरून.

एजंट कानाशी म्हणाले, “मुन्शीजी, गलती कबूल केली तर आत्ताच सगळे डब्या मागतील. अजून पुष्कळ दिवस राहिलेत. एक ठिणगी पडली तर फड गेला, जंगल गेलं. साहेबांना काय सांगाल?”

मी रजिस्टर उघडलं. वाचलं: “डबी लाकडी, कोरीव. मालक लालसू.” आणि म्हणालो, “कागदात असं आहे.”

कुणी कागद पाहायला मागितला नाही. वाचता कुणाला येत होतं? आणि पाहिला असता तर चैतूचं खोडलेलं नाव दिसलं असतं. लालसू उठला, धोतर झटकलं आणि चालू लागला. चैतू बसून राहिला. पाटलानं हात जोडले, बैठक मोडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रैनी नेहमीसारखी भारा घेऊन आली. पुडे बांधले, माझ्यासमोर रचले. मी, का कोण जाणे, म्हणालो, “तुझे नको मोजायला.”

“मोजा,” ती म्हणाली.

मी मोजले. एक पान कमी नव्हतं, एक जास्त नव्हतं.

त्या वर्षी आमच्या बाजूच्या डोंगराला आग लागली नाही. तंबाखूबंदीनं लागली नाही की नशिबानं, कोण सांगणार? साहेबांनी खात्याला लिहून कळवलं, एजंटांनी ठेकेदाराला. माझ्या यादीची वाखाणणी झाली. पानांचं शेवटचं पोतं गाडीवर चढलं त्या दिवशी एजंटांनी खुशीनं प्रत्येकाला बिडीचं एक एक बंडल वाटलं. साहेब शेजारी उभे होते. लोकांनी तिथंच पेटवली. धुराचा एक पट्टा रिकाम्या फडावरून वाळूलगत सरकत गेला आणि मला थोरल्या भावाचं अंगण आठवलं. मी कुणाला काही म्हणालो नाही. त्या हंगामात न बोलायचं मला चांगलंच जमू लागलं होतं.

तंबाखू वाईटच आहे. आजही मी मुलांना तेच सांगतो. पण चांगलं काम हातात असलं की माणूस फार निर्धास्त होतो. वाईट काम करणारा निदान मागे वळून पाहतो, कुणी बघतंय का म्हणून. मला वळून पाहायची गरज वाटली नाही. माझ्या बाजूला सरकार होतं, ठेकेदार होता, भावाचं मरण होतं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेली यादी होती. इतकं सगळं एका बाजूला असताना एका मुलीचं लग्न दुसऱ्या बाजूला होतं, आणि मी वजन करायला तराजूही काढला नाही.

पुढची चार वर्षं मी दुसरा फड मागून घेतला. अहेरीकडे गेलो. रैनीचं लग्न पावसाळ्याआधीच नदीपलीकडे एका बिजवराशी लावून दिल्याचं कानावर आलं. लालसूचा मुलगा लाकडाच्या कामावर सिरोंच्याकडे गेला तो फडावर पुन्हा दिसला नाही, असंही कुणी म्हणालं. मी ऐकलं आणि ओळी सरळ करत राहिलो.

यंदा पत्र आलं म्हणून पुन्हा त्या गावी गेलो. याद्यांची नक्कल केली नाही. फड सुरू व्हायच्या दोन दिवस आधी एटापल्लीला ट्रंक ठेवली आणि एकटाच पायवाटेला लागलो. पळस झडून गेले होते, मोहाला तांबडी पालवी होती, आणि छाटलेल्या तेंदूच्या बुंध्यांतून नवी पानं फुटली होती, लहान मुलाच्या कानासारखी मऊ. वाटभर मी वाक्य जुळवत होतो. तीन वाक्यं केली: डबी चैतूनं परत केली नव्हती. लालसूनं मागितली नव्हती. मी आपल्या मनानं दिली. तेव्हा आंब्याखाली नेमकं एवढंच बोलायचं होतं.

चैतू अंगणात सालीचा दोर वळत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं, बसायला बाज दाखवली, आणि दोर वळत राहिला. मी तिन्ही वाक्यं बोललो. खोडलेल्या नावाचंही सांगितलं. एजंटांनी कानात काय सांगितलं ते मात्र सांगितलं नाही, कारण उत्तर माझं होतं.

त्यानं दोराचा एक वेढा पुरा केला.

“लालसू मेला,” मग तो म्हणाला. “दोन वर्सं झाले. माह्या दारासमोरून जाये, पाह्ये नाई. मी बी नाई पाह्यलो. तुमच्या कागदापायी.”

“मी गावासमोर सांगतो,” मी म्हणालो. “पाटलाला बोलवा. आत्ता सांगतो.”

“काऊन?” त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. “रैनी गेली, ते रागावर गेली. मले त्या घरानं नाकारलं, म्हने. त्या रागावर तिनं पलीकडं चूल मांडली, दोन लेकरं झाले. नवरा बुढा हाये, पन धड हाये. आता मी तिले सांगू, का बाई, तुले कोणीच नाकारलं नोतं? मंग तिनं त्या घरात कसं राहावं?”

मी बाजेची सैल दोरी सरळ करत राहिलो.

“तवा बोलाले पायजे होतं,” चैतू म्हणाला. “आता तिच्याजवळ तोंड उघडू नका. येते ना ते आता. पानासाठी माहेरी आली हाये.”

कुडाच्या मागून पावलं वाजली. रैनी आली, कडेवर एक मूल, दुसरं लुगडं धरून. अंगानं भरली होती, आवाजही जाड झाला होता. मला पाहून थबकली, मग एकदम तोंडभर हसली.

“अगे माय! मुन्शीभाऊ! तुमी काऊन आले जी इकडं?”

चैतूचे हात थांबले होते. ती तीन वाक्यं माझ्या तोंडात अजून होती.

“सोमवारपासून फड सुरू होतो,” मी म्हणालो. “पानं फार कोवळी तोडू नका, म्हणून सांगायला आलो.”

“इतकंच सांगाले इतक्या दूर आले?” ती म्हणाली, आणि मुलाला खाली ठेवून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.